सरकार बदललं, आता समितीचं अध्यक्षपद कुणाकडे? पक्षनिष्ठा आणि विधिमंडळ समित्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तांतर झालं की सगळ्यांच्या नजरा शपथविधीकडे लागतात. कुणाला कुठलं खातं, कोण नाराज, कोण वेटिंगवर. त्यानंतर काही आठवड्यांनी समित्यांची यादी निघते आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपते. माझ्या मते ही यादीही तितक्याच बारकाईने वाचायला हवी. सरकारने खर्च केलेल्या पैशाचा हिशेब पुढच्या काळात कोण मागणार, हे त्या यादीत ठरलेलं असतं. समित्यांच्या कामाबद्दल बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सरकार बदललं की जुन्या समित्या आपोआप संपतात का?

समिती सभागृहाची असते, सरकारची नसते. त्यामुळे सभागृह विसर्जित होऊन निवडणूक झाली, तर त्या सभागृहाच्या समित्याही त्याच्याबरोबर संपतात. सभागृह तेच राहिलं आणि फक्त सरकार पडून दुसरं आलं, तर समित्या मुदत संपेपर्यंत चालू राहतात. कालचे सत्ताधारी आज विरोधी बाकांवर जातात, पण समितीच्या खोलीतल्या खुर्च्या त्याच असतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. समितीचा सदस्य मंत्री झाला, तर लोकसभेच्या लोकलेखा (सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी), अंदाज आणि सार्वजनिक उपक्रम या तिन्ही आर्थिक समित्यांवरचं त्याचं सदस्यत्व त्याच दिवशी जातं. ज्याचा हिशेब तपासायचा, तोच तपासणाऱ्यांत बसू शकत नाही. म्हणून सत्तांतरानंतर सगळ्यात आधी रिकाम्या होतात त्या नव्या मंत्र्यांच्या जागा.

अध्यक्ष कोण नेमतं? समितीचे सदस्य निवडतात ना?

भारतात नाही. लोकलेखा समितीचे २२ सदस्य निवडून येतात, १५ लोकसभेतून आणि ७ राज्यसभेतून, तेही एकल संक्रमणीय मताने, म्हणजे पक्षांच्या बळाच्या प्रमाणात. पण त्या २२ जणांमधून अध्यक्ष कोण, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. विभागांशी संलग्न असलेल्या २४ स्थायी समित्यांमध्ये सदस्यही नामनिर्देशितच असतात. प्रत्येक समितीत ३१ जण, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. त्यांतल्या १६ समित्या लोकसभा अध्यक्षांच्या अखत्यारीत येतात आणि ८ राज्यसभेच्या सभापतींच्या.

(महाराष्ट्राच्या विधिमंडळात ‘अध्यक्ष’ म्हटलं की विधानसभेचे अध्यक्ष, म्हणून तिथे समितीच्या अध्यक्षाला ‘समिती प्रमुख’ म्हणतात. या लेखात सोयीसाठी सगळीकडे अध्यक्षच म्हटलं आहे.)

पक्ष नावं सुचवतो, पीठासीन अधिकारी (म्हणजे सभागृहाचे अध्यक्ष वा सभापती) नेमतात. पुढच्या बहुतेक तंट्यांचं मूळ या एका वाक्यात आहे. पक्षाने सुचवलेलं नाव बाजूला ठेवून त्याच पक्षाचा दुसरा माणूस नेमता येतो का? नियमाने येतो. नेमावा का, ते पुढे पाहू.

लोकलेखा समिती विरोधी पक्षाकडेच असते, असा कायदा आहे का?

कायदा नाही, प्रथा आहे. आणि ती वाटते तितकी जुनीही नाही. समिती १९२१ पासूनची. स्वातंत्र्यापूर्वी तिचा अध्यक्ष सरकारचा अर्थ सदस्यच असायचा, म्हणजे खर्च करणारा आणि तपासणारा एकच. १९५० पासून ती लोकसभा अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली, तरी अध्यक्षपद सत्ताधारी पक्षाकडेच राहिलं. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसचं बहुमत घटलं, विरोधकांचं बळ वाढलं आणि त्या वर्षी स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी या समितीचे पहिले विरोधी अध्यक्ष झाले. पुढे अटलबिहारी वाजपेयी, ज्योतिर्मय बसू, नरसिंह राव यांनी ही जबाबदारी सांभाळली.

पन्नासहून अधिक वर्षं केवळ शब्दावर टिकलेली ही प्रथा मला आपल्या संसदेच्या सर्वांत चांगल्या सवयींपैकी एक वाटते. पण प्रथेला एक कमजोरी असते. ती अक्षरशः पाळून तिचा जीव काढून घेता येतो. ‘विरोधी पक्षाचा सदस्य’ एवढंच पाहिलं आणि ‘विरोधी पक्षाच्या विश्वासातला सदस्य’ हे पाहिलं नाही, की काम झालं. पश्चिम बंगालमध्ये नेमकं हेच घडलं.

पश्चिम बंगालमध्ये नक्की काय झालं होतं?

मे २०२१ मध्ये मुकुल रॉय भाजपच्या तिकिटावर कृष्णनगर उत्तरमधून आमदार झाले. ११ जूनला ते जाहीर कार्यक्रमात राज्यातल्या सत्ताधारी तृणमूल काँग्रेसमध्ये परतले. ९ जुलैला विधानसभा अध्यक्षांनी त्यांना लोकलेखा समितीचं अध्यक्ष नेमलं. कागदावर ते भाजपचेच आमदार होते, कारण त्यांनी आमदारकी सोडली नव्हती आणि त्यांना अपात्रही ठरवलं गेलं नव्हतं. म्हणजे प्रथा ‘पाळली’ गेली. निषेध म्हणून भाजपच्या आमदारांनी आपल्याकडची आठ समित्यांची अध्यक्षपदं सोडली. अपात्रतेचं प्रकरण उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गेलं. रॉय यांनी जून २०२२ मध्ये प्रकृतीचं कारण देऊन पद सोडलं. त्यांच्या जागी आले कृष्ण कल्याणी. तेही भाजपकडून निवडून येऊन तृणमूलमध्ये गेलेले.

त्याच विधानसभेत २०१६ मध्येही असंच काहीसं झालं होतं. तेव्हा मुख्य विरोधी पक्ष असलेल्या काँग्रेसला हे पद डाव्या आघाडीच्या सुजन चक्रवर्तींना द्यायचं होतं. विधानसभा अध्यक्षांनी काँग्रेसचेच मानस भुंइया यांना नेमलं. पक्षाने त्यांना निलंबित केलं आणि काही महिन्यांत ते तृणमूलमध्ये गेले.

आता यात नुकसान कुणाचं? भाजपचं किंवा काँग्रेसचं पद गेलं, हा वरवरचा भाग झाला. खरं नुकसान सभागृहाचं झालं. समितीसमोर साक्षीला बसलेल्या सचिवाला ठाऊक असतं की समोरचा अध्यक्ष कुणाच्या मर्जीने बसला आहे. तिथून प्रश्नांची धार जाते ती परत येत नाही. निषेध म्हणून आठ अध्यक्षपदं सोडण्याचा निर्णयही मला पटला नाही. राग समजू शकतो. पण एक खुर्ची हिसकावली गेली म्हणून उरलेल्या आठ स्वतःहून रिकाम्या केल्या, तर हिशेब मागायला उरतं कोण?

पक्षांतरबंदी कायद्याने अशा अध्यक्षाचं पद जात नाही का?

राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा, १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने आली. तिच्यामुळे आमदारकी किंवा खासदारकी जाऊ शकते आणि ती गेली की समितीवरचं पदही आपोआप जातं. पण अपात्रतेचा निर्णय घेणारे आणि समितीचा अध्यक्ष नेमणारे पीठासीन अधिकारी एकच असतात. निर्णय लांबला, तर तोवर पद सुरक्षित. ‘स्वेच्छेने पक्ष सोडणं’ म्हणजे लेखी राजीनामाच हवा असं नाही, वागण्यावरूनही ते ठरवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात सांगितलं आहे. अडचण कायद्याच्या अर्थाची नाही, वेळेची आहे.

समितीच्या बैठकीत व्हिप (पक्षादेश) चालतो का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि बहुतेकांचा इथेच गैरसमज होतो. दहाव्या अनुसूचीतला पक्षादेश मोडण्याचा भाग ‘सभागृहातल्या’ मतदानापुरता आहे. समितीची खोली म्हणजे सभागृह नव्हे. समितीत पक्षाच्या भूमिकेविरुद्ध मत दिलं म्हणून कुणाचीही खासदारकी जाऊ शकत नाही.

एवढं मोठं स्वातंत्र्य आपल्या लोकप्रतिनिधीला दुसरीकडे कुठेही नाही. सभागृहात विधेयकावर पक्षादेश मोडून हात वर केला तर पद जाऊ शकतं. समितीत तोच सदस्य ‘हे कलम चुकीचं आहे’ असं बिनदिक्कत म्हणू शकतो. शिवाय साक्षी होतात तेव्हा खोलीत कॅमेरे नसतात, पत्रकार नसतात, कुणाला टाळ्या मिळवायच्या नसतात. म्हणूनच एरवी एकमेकांवर तुटून पडणारे सदस्य समितीत एकमताने अहवाल देतात.

मग समितीतही पक्षाच्या रेषेवरच मतदान का होतं?

अपात्रतेची भीती नसली तरी बाकीच्या भीती असतात. पुढचं तिकीट, पुढच्या वर्षीच्या समितीवरची वर्णी, नेत्याच्या मनातली जागा. यासाठी २८ एप्रिल २०११ चा दिवस जवळून पाहण्यासारखा आहे.

लोकलेखा समिती टू-जी स्पेक्ट्रम (मोबाइल लहरी) वाटप प्रकरणाचा मसुदा अहवाल घेऊन बसली होती. अध्यक्ष होते भाजपचे मुरली मनोहर जोशी. समितीत तेव्हा २१ सदस्य होते. मसुद्याला विरोध करणारे ११ झाले: सत्ताधारी काँग्रेसचे ७, द्रमुकचे २ आणि सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या समाजवादी पक्षाचा व बहुजन समाज पक्षाचा प्रत्येकी १. गोंधळात जोशी बैठक थांबवून बाहेर पडले. मागे राहिलेल्या ११ जणांनी काँग्रेसचे सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्षस्थानी बसवलं आणि मसुदा फेटाळला. जोशींनी तरीही अहवाल लोकसभा अध्यक्ष मीरा कुमार यांच्याकडे दिला. त्यांनी तो परत पाठवला.

लोकलेखा समितीच्या अहवालाला भिन्नमताची टिपणी जोडण्याची पद्धत नाही. एकतर सगळ्यांचा अहवाल, नाहीतर काहीच नाही. ही पद्धत एकमत घडवायला ठेवलेली आहे. त्या दिवशी दोन्ही बाजू आपापल्या पक्षाच्या झाल्या आणि समिती कुणाचीच उरली नाही. व्हिप नव्हता. पण प्रत्येकाने आपला व्हिप मनात घालूनच खोलीत पाऊल ठेवलं होतं.

कालचा मंत्री आज लोकलेखा समितीचा अध्यक्ष झाला, तर तो स्वतःच्याच सरकारचा हिशेब कसा तपासणार?

फार चांगला प्रश्न, आणि याची चर्चा फारशी होत नाही. महालेखापरीक्षकांचे अहवाल खर्च झाल्यानंतर बऱ्याच काळाने येतात. ते पटलावर ठेवले जातात, मग समिती त्यांतले परिच्छेद निवडते, खात्यांकडून टिपणं मागवते, सचिवांची साक्ष घेते. यात वर्षं जातात. त्यामुळे सत्तांतर झालं की विचित्र स्थिती निर्माण होते. समितीचा नवा अध्यक्ष विरोधी पक्षाचा, पण टेबलावर आलेला हिशेब त्याच्याच पक्षाच्या कारकिर्दीतला. आणि समितीत बहुमत आता त्याच्या राजकीय विरोधकांचं.

२०१४ मध्ये हेच झालं. काँग्रेसचे के. व्ही. थॉमस निवडणुकीपर्यंत मनमोहन सिंग सरकारमध्ये अन्न व सार्वजनिक वितरण खात्याचे राज्यमंत्री होते. त्याच वर्षी ते लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले. ब्रिटनमध्ये जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. तोवर तिथल्या लोकलेखा समितीच्या अध्यक्ष असलेल्या मजूर पक्षाच्या मेग हिलियर यांना ते पद सोडावं लागलं आणि हुजूर पक्षाचे जेफ्री क्लिफ्टन-ब्राउन अध्यक्ष झाले. त्यांच्यासमोर सुरुवातीला आलेला बराचसा हिशेब आधीच्या हुजूर सरकारचाच होता.

यावर उपाय आहेत, पण ते माणसावर अवलंबून आहेत. एखाद्या विषयात सदस्याचा वैयक्तिक, आर्थिक वा प्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर लोकसभेच्या नियमांनुसार त्याच्या समितीवर असण्याला हरकत घेता येते आणि निर्णय लोकसभा अध्यक्ष देतात. स्वतः हाताळलेल्या खात्याचा विषय निघाला तर त्या बैठकीचं अध्यक्षपद दुसऱ्याकडे सोपवणं, हा साधा शहाणपणा आहे. दुसरी गोष्ट, समिती धोरणाची चिरफाड करत नाही. मंजूर पैसा मंजूर कामावर, नियमाने आणि काटकसरीने खर्च झाला का, एवढंच ती पाहते. ही चौकट पाळली तर माजी मंत्री उत्तम अध्यक्ष होऊ शकतो, कारण फाइल कुठे अडते आणि कुठे वळवली जाते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

पक्षच फुटला तर समितीचं पद कुणाच्या वाट्याला जातं?

इथे पक्षांचं संख्याबळ कसं मोजायचं हाच वादाचा मुद्दा होतो. भारतातल्या समित्यांची मुदत साधारण एक वर्षाची, त्यामुळे पुढच्या फेररचनेत फुटीचं प्रतिबिंब पडतं. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात सत्तांतर झालं आणि शिवसेनेचे खासदारही विभागले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदीय समित्यांची फेररचना झाली, तेव्हा माहिती तंत्रज्ञानाच्या समितीचं अध्यक्षपद काँग्रेसच्या शशी थरूर यांच्याकडून शिंदे गटाचे प्रतापराव जाधव यांच्याकडे गेलं. जाधव आधीही एका स्थायी समितीचे अध्यक्ष होतेच, पण तेव्हा अखंड शिवसेनेच्या वाट्यातून.

विरोधकांनी यावर बराच आवाज केला. नियमाचा भंग झाला होता का? नाही. पण माझं मत विचाराल तर, सरकारला नको असलेले प्रश्न विचारणाऱ्या समितीचं अध्यक्षपद नेमकं तेव्हाच विरोधकांकडून काढून घेणं चांगलं लक्षण नव्हे.

अध्यक्ष पक्षाविरुद्ध गेला, तर पक्ष त्याला हटवू शकतो का?

देशोदेशी याचं उत्तर वेगळं आहे आणि ते एकाच गोष्टीवर ठरतं: खुर्ची दिली कुणी?

अमेरिकेत ती पक्षाची बैठक देते, त्यामुळे काढूही शकते. १९७५ मध्ये डेमोक्रॅट प्रतिनिधींनी ज्येष्ठतेची परंपरा मोडून आपल्याच तीन समिती अध्यक्षांना घरी बसवलं. पण प्रत्येक वेळी पक्ष काढतोच असं नाही. डेमोक्रॅट गटात बसणारे सिनेटर जो लिबरमन यांनी २००८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपल्या गटाच्या उमेदवाराविरुद्ध रिपब्लिकन मॅकेन यांचा उघड प्रचार केला, त्यांच्या अधिवेशनात भाषणही केलं. निवडणूक डेमोक्रॅट जिंकले. लिबरमन यांचं देशांतर्गत सुरक्षा समितीचं अध्यक्षपद जाणार, अशी सगळ्यांची खात्री होती. गुप्त मतदान झालं आणि ४२ विरुद्ध १३ मतांनी ते वाचलं. नव्या सरकारला सिनेटमध्ये एकेक मत हवं होतं. निष्ठेपेक्षा गरज मोठी ठरली.

तिथे एका माणसाच्या पक्षत्यागाने सगळ्याच समित्या उलटल्याचंही उदाहरण आहे. २००१ मध्ये सिनेट ५०-५० अशी विभागलेली होती आणि उपराष्ट्रपतींच्या निर्णायक मतावर रिपब्लिकनांचं बहुमत टिकून होतं. मे महिन्यात जिम जेफर्ड्स यांनी तो पक्ष सोडला आणि जूनमध्ये समित्यांची अध्यक्षपदं डेमोक्रॅट गटाकडे गेली. पर्यावरण समितीचे अध्यक्ष झाले खुद्द जेफर्ड्स.

ब्रिटनमध्ये गोष्ट निराळी आहे. २००१ मध्ये मजूर पक्षाच्या प्रतोदांनी ग्विनेथ डनवुडी आणि डोनाल्ड अँडरसन या दोन खमक्या समिती अध्यक्षांची नावं यादीतून गाळली. सत्ताधारी खासदारांनीच बंड केलं, सभागृहाने यादी फेटाळली आणि दोघं परत आले. तो धडा मुरायला नऊ वर्षं लागली. २०१० पासून सरकारी खात्यांवर देखरेख ठेवणाऱ्या बहुतेक ‘सिलेक्ट’ समित्यांचे अध्यक्ष सगळं सभागृह गुप्त मतदानाने निवडतं. कुठल्या समितीचं पद कुठल्या पक्षाकडे, हे बळानुसार ठरतं, पण त्या पक्षातला माणूस कोण, हे सगळे मिळून ठरवतात. त्याचा परिणाम २०१९ मध्ये दिसला. आरोग्य समितीच्या अध्यक्ष सारा वोलस्टन यांनी हुजूर पक्ष सोडला, तरी त्या अध्यक्षपदी कायम राहिल्या.

मला मात्र २०२० ची एक बैठक सर्वांत बोलकी वाटते. गुप्तवार्ता आणि सुरक्षा समितीचे सदस्य ९, त्यांत हुजूर पक्षाचे ५. ही समिती कायद्याने नेमलेली आहे आणि अध्यक्ष हे नऊ जण आपल्यातून निवडतात. सरकारची पसंती क्रिस ग्रेलिंग यांना होती. हुजूर पक्षाचेच ज्युलियन लुइस विरोधकांच्या चार मतांसह स्वतःचं मत घालून ५ विरुद्ध ४ असे निवडून आले. त्याच दिवशी पक्षाने त्यांना संसदीय गटातून काढलं. खुर्ची मात्र पक्षाला काढता आली नाही, कारण ती पक्षाने दिलेलीच नव्हती. डिसेंबरअखेर पक्षानेच त्यांना परत घेतलं.

विरोधी पक्षनेताच नसेल, तर लोकलेखा समितीचं काय?

काही अडत नाही. २०१४ आणि २०१९ मध्ये लोकसभेत अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता. काँग्रेसच्या जागा अनुक्रमे ४४ आणि ५२ होत्या, एकूण जागांच्या दहा टक्क्यांच्या निकषाला ५५ लागत होत्या. तरी समिती काँग्रेसकडेच राहिली: थॉमस, मग मल्लिकार्जुन खर्गे, मग अधीर रंजन चौधरी.

नको असलेल्या पक्षाला अध्यक्षपद नाकारता येतं का?

जर्मनीत हा प्रश्न ताजा आहे. २०१९ मध्ये कट्टर उजव्या एएफडी पक्षाचे श्टेफान ब्रांडनर यांना कायदा समितीच्या अध्यक्षपदावरून समितीनेच मतदानाने हटवलं. बुंडेस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने यात पक्षाच्या हक्कांचा भंग नाही असा निकाल दिला. २०२५ च्या निवडणुकीनंतर तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष असूनही त्याला एकही अध्यक्षपद मिळालं नाही.

विरोधी पक्षाचा समिती अध्यक्ष सरकारला मदत करतो, तेव्हा तो पक्षद्रोह समजायचा का?

मे २०२५ मध्ये परदेशात पाठवायच्या सर्वपक्षीय शिष्टमंडळांसाठी काँग्रेसने चार नावं दिली. त्यांत थरूर यांचं नाव नव्हतं. परराष्ट्र व्यवहार समितीचे ते अध्यक्ष होते. सरकारने एका शिष्टमंडळाचं नेतृत्व त्यांनाच दिलं आणि पक्षातून टीका झाली.

माझ्या मते इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले. समितीचा अध्यक्ष देशाच्या वतीने बोलला, यात द्रोह नाही. पण पक्षाने दिलेली यादी डावलून सरकारने नाव निवडणं, हाही चुकीचा पायंडा. बंगालमध्ये जे चूक, ते दिल्लीत बरोबर कसं ठरेल?

अध्यक्ष सभागृहासाठी काम करतोय की पक्षासाठी, हे बाहेरून कसं ओळखायचं?

टीव्हीवरच्या मुलाखतींवरून अजिबात नाही. समितीच्या शिफारशींवर सरकारने काय केलं, याचा वेगळा अहवाल निघतो. संसदेच्या समित्यांच्या अशा अहवालात सहसा पाच प्रकरणं असतात. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी. तिसऱ्यात सरकारचं उत्तर ऐकून समितीने सोडून दिलेल्या. चौथ्यात सरकारचं उत्तर समितीने न स्वीकारलेल्या. पाचव्यात अंतिम उत्तर अजून न आलेल्या.

तिसरं आणि चौथं प्रकरण शेजारी ठेवून वाचा. आधीच्या सरकारच्या काळात ज्या प्रकारच्या उत्तरांवर समिती अडून बसायची, तशीच उत्तरं आता तिसऱ्या प्रकरणात निमूट जाऊन बसत आहेत का? की अध्यक्षाच्या स्वतःच्या पक्षाच्या काळातला एखादा परिच्छेद चौथ्यात ठाम उभा आहे? हे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत वाचता येतात.